सुंगटांसाठी केलेला दिवा

दागिन्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सोनं बघत नाही, उजेड बघतं. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण तो उजेड जोडण्यात माझी अठरा वर्षं गेली. साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी नोकरी करते. दुकानांच्या शोकेसमध्ये बसवायच्या एलईडी पट्ट्या आम्ही तिथे तयार करतो. सोन्यावर पिवळा उजेड टाकायचा, हिऱ्यावर पांढरा, भाजीवर जरा हिरवट आणि मटणावर लालसर, म्हणजे सकाळचं मटण संध्याकाळपर्यंत ताजं दिसतं. घरी मात्र आम्ही बाप-लेक एका जुन्या ट्यूबलाइटखाली बसायचो. तिचा चोक सतत गुणगुणायचा, आणि ती बदलायचं मला कितीतरी महिने सुचलं नव्हतं.

घर म्हणजे घाटकोपरच्या दोन खोल्या. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. भाऊ लग्नानंतर बोरिवलीला गेला. चूक कुणाची हे ठरल्याशिवाय त्याला घास गिळत नाही, त्यामुळे तो लांब राहतो ते बरंच. उरलो बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि त्याची कहाणीही काही सांगण्यासारखी नाही. बाबा मालवणकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला आले, गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम केलं. पन्नास वर्षं मुंबईत काढूनही बोलणं मालवणीच राहिलं. आई होती तेव्हा घरात ती दोघं बोलायची आणि मी त्यांच्या मधून ये-जा करायचे. ती गेल्यावर कळलं की मला आणि बाबांना एकमेकांशी बोलायची सवयच नाही. "जेवलात?" "जेवलंय." "गोळी घेतली?" "घेतलंय." एवढ्यावर दिवस संपायचा. शिवाय माझ्या पोटात त्यांच्याविषयी एक राग होता, आईच्या आजारपणातला. तो मी कधी बोलून दाखवला नव्हता.

टाकी आली ती फुकटात. आमच्या दिव्यांचं एक गिऱ्हाईक आपलं शोरूम नव्याने सजवत होतं, त्यांना कोपऱ्यातली दीड फुटी काचेची टाकी नको झाली होती. मी म्हटलं, द्या इकडे. रिक्षात मांडीवर घेऊन आणली. मोठे मासे या टाकीत गुदमरतील, त्यापेक्षा पाणवनस्पती लावा आणि बारीक लाल कोळंबी सोडा, असं मला स्टेशनजवळच्या माशांच्या दुकानदाराने सांगितलं. वीसेक दिवस नुसतं पाणी, माती आणि झाडं ठेवली, मग बारा कोळंब्या प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आल्या. प्रत्येक जेमतेम नखाएवढी.

बाबांनी चष्मा लावून पिशवी उजेडात धरली.

"ह्यां काय हाडलंस गो? सुंगटां?"

"हो. पाळायला."

"पाळूक?" ते हसायलाच लागले. मालवणच्या माणसाला कोळंबी पाळायला सांगणं म्हणजे देशावरच्या माणसाला ज्वारीची कणसं पाळायला सांगण्यासारखं. "ह्येंचा तिकला करूचा म्हटला तर टोपभर होयी. बारा सुंगटांनी माजी दाढय भरूची नाय."

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं. मीही हसले. टाकी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी, जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवली, आणि बाबांची खुर्ची आपोआप टीव्हीसमोरून उठून तिच्यासमोर आली.

टाकीच्या झाकणात एक दिवा होता, निळा. दुकानात मासे चमकावेत म्हणून लावतात तसला. त्या उजेडात झाडं पंधरा दिवसांत पिवळी पडली आणि पानं विरघळायला लागली. लाल कोळंबी जांभळी-काळी दिसायची. माझ्यातल्या कारागिराचा अपमान झाला. शहरातल्या निम्म्या शोकेस उजळणाऱ्या बाईच्या घरात असला भिकार दिवा! मी झाकण उघडून ती निळी पट्टी उपटली, कारखान्यातून शुभ्र उजेडाची उरलीसुरली पट्टी आणली, ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवली, म्हणजे तापणार नाही, आणि वरून दुधी काच लावून तिथेच झाकणात घट्ट केली. बटण दाबलं आणि टाकी अशी काही पेटली की विचारू नका. प्रत्येक पान सुटं दिसत होतं.

आठवड्यात काचेवर हिरवा थर आला. मग झाडांवर केसांसारखं शेवाळ. कोळंब्या दिवसभर टाकीतल्या लाकडाच्या खाली दडून बसायला लागल्या. मी पुस्तकी उपाय करत होते, टायमर लावला, आठ तासांचे सहा तास केले. बाबा नुसते बघत होते. एका रविवारी म्हणाले, "बाय, दिवो लांब कर. त्यांका सोनाराच्या दुकानात बसल्यावानी वाटता. गरिबाक तसल्या जाग्यार लाज वाटता."

मला पटलं, याचा मला तेव्हा थोडा रागही आला. पण मी दिवा झाकणातून काढला. कारखान्यातल्या लेथवाल्याकडून दोन लोखंडी पट्ट्या वाकवून घेतल्या, टाकीच्या दोन्ही बाजूंना स्टँडसारख्या बसवल्या, आणि दिवा पाण्यापासून चांगला वीत-दीड वीत वर टांगला. उजेड पसरला, मऊ झाला. झाकण अर्थातच काढून टाकावं लागलं, नाहीतर मध्ये आलं असतं. शेवाळ हळूहळू मागे हटलं. जावा मॉस नावाच्या पाणवनस्पतीचा गोळा हिरवागार फुगला आणि त्याच्यावर लाल कोळंब्या चरायला बाहेर आल्या. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं, पण त्या उजेडात त्यांना पोटाखालचे हलणारे पायही दिसायचे. तो दिवा मी आजवर केलेल्या सगळ्या दिव्यांत चांगला आहे.

पुढचे चार महिने आमच्या घरात माणसं राहत होती असं म्हणता येईल. दुपारी चार वाजता कारखान्यात माझा फोन वाजायचा. बाबांनी स्वतःहून मला फोन करणं हा प्रकार त्याआधी नव्हता. "बाय, एकीच्या पोटाखाली अंडी दिसतत." मग महिन्याभराने, "बारकी झाली हत गो! मिठाच्या कणाएवडी. काचेक चिकटली हत." ते मोजायचे. बाराची वीस, वीसची चाळीस. कारखान्यातल्या बायका विचारायच्या, बाळंतीण कोण आहे घरात? मी सांगायचे, आमची सुंगटं. जेवताना बाबा गावच्या खाडीच्या गोष्टी काढायला लागले, रात्री कंदील घेऊन कोळंबी कशी पकडायचे, आजीने त्यांना एकदा कसं झोडपलं होतं. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मी कधी ऐकल्याच नव्हत्या. मला वाटायला लागलं होतं की पोटातला तो राग आता आपोआप जिरेल, बोलावं लागणारच नाही.

झाकण काढल्यामुळे एक झालं. पाणी भराभर उडायला लागलं. वर पंखा फिरत असायचा. दोन दिवसांत दोन बोटं पातळी खाली जायची. रोज थोडं पाणी घालणं भाग होतं आणि मी सकाळी आठला घर सोडते. तीनेक महिने मी ते रात्री घरी येऊन करायचे, मग ते काम बाबांना दिलं. दारात चप्पल घालता घालता दिलं.

"नळाचं पाणी थेट घालायचं नाही हां बाबा. त्यात औषध असतं, मरतील. मोरीत झाकलेली निळी बादली आहे, आदल्या दिवशी भरून ठेवलेली. त्यातलं तांब्याभर घालायचं. बास."

"बरा," ते म्हणाले.

यापलीकडे मी काही सांगितलं नाही. तांबं या जिवांना चालत नाही, हे मला माहीत होतं. झाडांच्या खताच्या बाटलीवर, औषधाच्या पुडीवर, दुकानदाराच्या तोंडी, सगळीकडे तेच होतं. खत घेताना मी वीस मिनिटं बाटल्या उलट्यासुलट्या करून तांबं नसलेली निवडली होती. आणि टाकीपासून दोन हातांवर, ओट्यावर, आईच्या माहेरची तांब्याची घागर होती. बाबा ती दर दोन दिवसांनी चिंच-मीठ लावून आरशासारखी घासायचे आणि रात्री पिण्याचं पाणी भरून ठेवायचे. सकाळी देवाला त्यातलं, मग दोघांनी प्यायचं. मी रोज तिच्यातलं पाणी पिऊन कामाला जात होते. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकदाही शेजारी आल्या नाहीत.

मग कोळंब्या कमी दिसायला लागल्या. आधी वाटलं, मॉसमध्ये असतील. चारच्या फोनवर बाबा सांगायचे, "हत, हत, सगळी बरी हत." पण आवाज जरा घाईचा. मी संध्याकाळी येऊन मोजायचे तर पंचवीस, मग अठरा, मग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. मेलेली एकही दिसत नव्हती, त्यामुळे मला काही कळेना. जिवंत होत्या त्या एकाच जागी थरथरत बसायच्या.

आणि मी काय केलं? दिव्याला धरलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मला दिव्यांतलं कळतं, म्हणून दोषही दिव्यातच असणार. पट्टी डोळ्यांना न कळेल अशी लुकलुकत असेल. दिव्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधून पाण्यात करंट उतरत असेल. मी तो दिवा आठवड्यात तीनदा सोडवला. ड्रायव्हर बदलला, वायर बदलल्या, मीटर लावून पाणी तपासलं. उंची अजून दोन बोटं वाढवली. दुधी काच बदलून जाड टाकली. बाबा खुर्चीत बसून बघायचे आणि स्क्रू हातात द्यायचे. एकदा म्हणाले, "दिव्याचो काय दोष नसात गो." मी म्हटलं, "तुम्हाला त्यातलं कळतं का?" त्यांनी पुढचा स्क्रू माझ्या हातात दिला.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी टेबलापाशी स्टुलावर बसले होते, दिवा चौथ्यांदा सोडवून मांडीवर घेतलेला. बाबा आंघोळ करून, देव पुजून आले. ओल्या कपाळावर गंध. त्यांनी घागरीत लोटी बुडवली, भरून घेतली, आणि टाकीवर वाकले. डावा तळहात पाण्यावर आडवा धरून त्यावर ते बारीक धार सोडत होते, म्हणजे झाडं हलू नयेत. बोटांमधून पाणी हळूहळू उतरत होतं. इतक्या निगुतीने मी कधी घातलं नव्हतं.

"ते कुठलं पाणी?" मी विचारलं.

"घागरीतला."

"रोज घागरीतलं घालता?"

"मगे? जित्या जिवाक मोरीतला पाणी घालूचा?" ते सरळ झाले, जरा अभिमानानेच. "आपण जां पाणी पितंव, देवाक घालतंव, तां त्यांका. पयलो आठवडो बादलीतला घातलंय, माका बरा नाय वाटला. घरातली हत ती."

आमच्याकडचं माणूस हे असंच करणार. मोरीतलं पाणी पाय धुवायचं. पाहुण्याला, देवाला, लेकराला ते कोणी देत नाही. मी बादली मोरीत ठेवली होती, कारण तिथे जागा होती. त्यांनी माझ्या सांगण्यातलं तेवढं पाळलं होतं की नळाचं थेट घालायचं नाही, आणि पुढे आपल्या मनाने घरातलं सगळ्यांत चांगलं पाणी निवडलं होतं. चिंचेने लख्ख घासलेल्या तांब्यात रात्रभर मुरलेलं. पाणी उडून जात होतं आणि तांबं मागे राहत होतं, रोज थोडं थोडं, महिनाभर.

हे सगळं मला आज असं शांतपणे लिहिता येतं. तेव्हा माझ्या डोक्यात रक्त चढलं.

"विष आहे ते त्यांना! तांबं म्हणजे विष! रोज विष घालत होतात तुम्ही!"

"तांब्यातला पाणी आणि वीख?" त्यांनी घागरीकडे बघितलं, मग हातातल्या लोटीकडे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"आणि मेलेल्या कुठे गेल्या? फोनवर मला सांगत होतात सगळ्या बऱ्या आहेत म्हणून!"

"मी काढून जास्वंदीच्या कुंडीत घालतंय," ते हळूच म्हणाले. "तुका वायट वाटतला म्हणान."

खोटं बोलले होते. रोज चार वाजता, माझं मन राखायला. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पाणी बदललं असतं, तीस तरी वाचल्या असत्या. मी उठले. मांडीवरचा दिवा फरशीवर पडला, त्याची काच तडकली.

"एक काम सांगितलं होतं. एक! तेही धड जमलं नाही. आजपासून या घरात विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. कशालाही!"

इथे थांबले असते तर ती एक रविवारची कटकट झाली असती. बाप-लेकीत होतात तसली भांडणं. संध्याकाळी भजी तळली असती आणि विषय संपला असता. पण जीभ सुटली होती.

"आईलाही असंच शहाळी पाजून पाजून मारलंत."

बाबांनी लोटी ओट्यावर ठेवली. टॉवेलला हात पुसला. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून. दुपारी मी वाढलं तेव्हा खाली मान घालून जेवले, ताट धुवून ठेवलं.

शहाळ्याचं सांगायला हवं. आईची किडनी गेली होती. शेवटचे दोन महिने ती घरीच होती. अन्न जात नव्हतं, तोंडाला चव नव्हती. बाबा रोज सकाळी खाली जाऊन शहाळं आणायचे, कधी दोन. त्यांच्या गावी मरणाच्या दारातून परत आणणारी चीज म्हणजे शहाळ्याचं पाणी. चमच्याने पाजायचे. आई त्यांच्या हातून तेवढं घ्यायची. किडनीच्या माणसाला ते द्यायचं नसतं, हे मला ती गेल्यावर कळलं. शहाळ्यानेच गेली असं कोणी डॉक्टर म्हणाले नाहीत. ती तशीही जाणारच होती, आज नाहीतर महिन्याने. पण मला कुणावर तरी राग धरायचा होता आणि समोर बाबा होते.

मला कळलं कसं, हा भाग मी स्वतःलासुद्धा कधी धड सांगितला नव्हता. डॉक्टरांनी काय द्यायचं आणि काय नाही याचा छापील कागद दिला होता, आणि तो माझ्या हातात दिला होता. औषधांच्या रांगेत उभी असताना मी त्याची वरची बाजू वाचली. मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी नाही. तेवढं घरी येऊन सांगितलं. कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला. मागच्या बाजूला काय आहे ते मी वाचलं बाराव्याच्या दिवशी. पहिल्याच ओळीत नारळपाणी होतं. मी कागद पुन्हा घडी घालून तिथेच ठेवला. काही दिवसांनी बघितलं तर नव्हता. कुठेतरी पडला असेल, म्हटलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कागद नव्हता म्हणजे मी तो कधी पाहिलाच नव्हता. राहिली फक्त बाबांची शहाळी.

दोन्ही वेळा मला माहीत होतं किंवा असायला हवं होतं, आणि दोन्ही वेळा मी त्यांना सांगितलं नव्हतं. ज्याला सांगितलंच नाही त्याने चुकू नये, अशी माझी अपेक्षा.

त्यानंतर बाबांनी माझं म्हणणं अक्षरशः पाळलं. घागर रिकामी केली, पुसली, आणि माळ्यावर उपडी ठेवली. पुन्हा काढली नाही. देवालाही फिल्टरचं पाणी. खुर्ची टीव्हीसमोर गेली. चारचा फोन बंद झाला. आणि विचारणं सुरू झालं. "बाय, पंखो लावू?" "बाय, फ्रीजमधला दूध घेतलंय तर चलात?" "हो पेपर उचलू काय?" पहिल्यांदा वाटलं, टोमणा मारताहेत. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. ज्या माणसाने गिरणीतल्या यंत्रात हात घालून हात शाबूत ठेवला, तो आता रिमोट घ्यायला माझ्याकडे बघायचा. मी किती वेळा म्हटलं, "बाबा, असं काय करताय, घ्या ना." ते घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

टाकीचं म्हणाल तर ती पूर्ण रिकामी केली. माती फेकली, काच धुतली, सगळं नव्याने लावलं. दिव्याला नवी दुधी काच बसवली. वीस कोळंब्या आणल्या. आता साठ-सत्तर असतील. बादली अजूनही मोरीतच असते, तिच्यावर मी लेबल लावलंय, कोणासाठी कोण जाणे. झाडं इतकी छान झाली आहेत की दुकानदाराने फोटो मागून घेतला. घरी येणारे म्हणतात, काय झकास आहे हो! बाबा तिच्यासमोरून ये-जा करतात पण मान वळवत नाहीत. मी एकदा म्हटलं, "बाबा, पिल्लं झालीत, बघा." आले, उभ्या उभ्या बघितलं, "बरी हत" म्हणाले, गेले.

असे पाच महिने गेल्यावर एका रविवारी दुपारी माझ्या पर्सची चेन तुटली. नवी पर्स आणली होती, जुनी पलंगावर उपडी करून एकेक कप्पा रिकामा करत होते. आतल्या कप्प्यात हात घातला आणि नको ते आठवलं. बाबा समोरच बसले होते, टीव्ही बंद होता. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आईला शहाळं चालत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. तो कागद माझ्याकडे होता. मी तुम्हाला सांगितलंच नाही. वाचलाच नाही मी तो, ती गेल्यावर वाचला."

एवढं बोलायला मला जवळजवळ चार वर्षं लागली. वाटलं होतं, ते चिडतील. चिडावेत अशी इच्छा होती.

"माका म्हायत होता," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तो कागद. तेराव्याक पेन बगूक तुझी पर्स उघडलंय, तेव्हा गावलो. मागल्या बाजूक लिवला होता." त्यांनी डोळे चोळले. "तुझो भाव घरात होतो. तो बगतलो, मगे तुका जन्मभर बोलतलो, म्हणान मी तो फाडून टाकलंय."

म्हणजे इतकी वर्षं ज्या चुकीसाठी मी त्यांच्यावर राग धरून बसले होते, ती माझी आहे हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्या रविवारी, त्यांच्या हातात लोटी असताना, मी ते वाक्य म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" मी म्हटलं. "मी एवढं बोलले, तोंडावर टाकायचं होतंत ना माझ्या!"

"तुका खयतरी टाकूचाच होता," ते म्हणाले. "माझ्यार टाकलंस, तां बरा झाला. मी म्हातारो माणूस."

माफ करा, हा शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडकला. आमच्या घरात तो कधी कोणी वापरलेला नाही. बाबा गुडघ्यावर हात टेकवून उठले. ओट्यापाशी गेले, चहाचं पातेलं काढलं, त्यात दोन कप पाणी मोजून घेतलं आणि शेगडीवर ठेवलं. मग लायटर उचलला आणि माझ्याकडे वळले.

"गॅस पेटवू मां?"

मी हो म्हणेपर्यंत ते तसेच लायटर धरून उभे होते.